दगड-मातीचे माळवदी घर: भूकंपानंतर तपासणी कशी करावी आणि ते मजबूत कसे करावे

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात, म्हणजे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवर झालेला भूकंप ६.२ क्षमतेचा होता. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. तरी सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंती आणि माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, यांखाली सापडून. त्याच गावांत गवताने शाकारलेल्या हलक्या घरांतली माणसे मात्र बहुतांशी वाचली. हा सगळा भाग तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानकातला हा नकाशा बदलला, झोन १ रद्द झाला आणि किल्लारी झोन ३ मध्ये आले. घरे मात्र होती तशीच राहिली. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अशी माळवदी घरे आजही वापरात आहेत, आणि २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली भागात ४.५ क्षमतेचे धक्के बसलेच आहेत.

पुढची माहिती दगड-मातीच्या भिंती, लाकडी खण (खांब आणि तुळयांचा सांगाडा) आणि वर मातीचे माळवद असलेल्या एकमजली घरासाठी आहे. वाडा दोन मजली असेल, किंवा घराचा शाळा-अंगणवाडीसारखा सार्वजनिक वापर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय काम सुरू करू नका.

घर पडते कसे

बाहेरून ७५ सेंमी जाड दिसणारी भिंत खरे तर दोन भिंती असतात. बाहेरच्या बाजूने चांगल्या तोंडाचे दगड, आतल्या बाजूने दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत चिपा, माती, जे हाताला लागेल ते. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड जुन्या कामात क्वचितच सापडतो, कारण तेवढा लांब दगड घडवणे महाग पडायचे. जमीन हलली की मधली भरती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते आणि भिंत उभी फाकते. बाहेरचा थर रस्त्यावर पडतो, आतला घरात. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज इथे उलटा पडतो. जाडी वाढली की वजन वाढते आणि दोन थरांमधला मोकळा गाळाही वाढतो.

दुसरे कारण डोक्यावर आहे. माळवद गळू लागले की दर दोन-तीन वर्षांनी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही, ही रीत. पिढ्या गेल्या की जाडी ५० सेंमीच्या पुढे जाते. आतून ६ मी. बाय ४ मी.ची खोली आणि ६० सेंमीच्या भिंती धरल्या, तर भिंतींच्या माथ्यासकट छताचे क्षेत्र साधारण ३७ चौ.मी. होते. ५० सेंमी जाडीने ती जवळजवळ १९ घनमीटर माती, म्हणजे ३० टनांच्या वर. भूकंपात घरावर येणारा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात असतो. वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका जोर धरला तरी एकट्या छताचा ६ टनांचा आडवा धक्का भिंतींवर येतो, आणि मातीच्या गाऱ्याला ताण सोसण्याची ताकद नसतेच म्हटले तरी चालेल.

तिसरे कारण कोपरे. दोन भिंती एकाच वेळी, एकमेकींत दगड गुंफून उचललेल्या नसतील तर कोपरा उभा सुटतो, आणि मग प्रत्येक भिंत एकटीच डोलते.

या तिन्हींवर इलाज आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी छताचे वजन, मग भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणे, मग चारही भिंती पट्ट्याने एकत्र आवळणे. भेगा बुजवणे आणि गिलावा सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात लोक नेमके शेवटापासून सुरू करतात, कारण भेग डोळ्याला दिसते आणि माळवदाचे वजन दिसत नाही.

धक्क्यानंतर आत शिरण्याआधी

मोठ्या धक्क्यानंतरचे पहिले काही दिवस छोटे धक्के येतच राहतात. तपासणी उजेडात करा, दोघांनी करा, एकाने बाहेर थांबा. डोक्यावर हेल्मेट हवेच, मोटारसायकलचे असले तरी चालेल. विजेचा मेन स्विच आणि गॅसची टाकी आधी बंद करा.

पहिली फेरी बाहेरून, भिंतीपासून निदान तिच्या उंचीइतके अंतर ठेवून. माळवदाची कड सरळ रेषेत आहे की कुठे झुकली, भिंतीने पोट काढले आहे का, कोपरा उघडला आहे का, दाराची चौकट तिरपी झाली आहे का, एवढे पाहा. खांब तळखड्यावरून (खाली बसवलेल्या दगडावरून) सरकला असेल, तुळईचे टोक भिंतीतून निसटत असेल किंवा कोपरा वरपासून खालपर्यंत सुटला असेल, तर आत जायचेच नाही. सामान काढायचे असेल तर आधी तुळईखाली धिरे (उभे टेकू) द्या.

पाडापाडी करण्याआधी फोटो काढा. प्रत्येक भेगेजवळ मोजपट्टी किंवा निदान एखादे नाणे धरून एक जवळचा आणि एक सगळी भिंत दिसेल असा लांबचा. पंचनामा व्हायचा असतो तेव्हा ढिगारा हलवलेला असला की नुकसानीचा दर्जा ठरवताना वाद होतात. कागदावर घराचा साधा नकाशा काढून भिंतींना अ, ब, क, ड अशी नावे द्या आणि भेगांना त्यानुसार क्रमांक द्या. हे काम कंटाळवाणे वाटते, पण महिन्याने तीच भेग वाढली की नाही हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.

भेग भूकंपाची की काळ्या मातीची

मराठवाड्यात या प्रश्नावर सगळ्यात जास्त गफलत होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरच्या घराला भूकंपाशिवायही तडे जातात. अशा भेगेवर भूकंपाचा इलाज केला तर पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडते.

मातीची भेग सहसा जोत्यातूनच वर आलेली असते, घराच्या टोकाला किंवा न्हाणी, मोरी, झाड यांच्या जवळ सापडते आणि ऋतूप्रमाणे उघडझाप करते. तिच्या कडा जुन्या असतात. आत धूळ, कोळ्याची जाळी, मागच्या रंगकामाचा चुना सापडतो. भूकंपाची भेग ताजी असते, कडा धारदार आणि आतला रंग उजळ. तिच्या जागाही ठरलेल्या आहेत: दोन भिंती मिळतात तिथे उभी, वर रुंद आणि खाली बारीक, छताच्या खाली आडवी, दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, आणि दोन खिडक्यांमधल्या पट्टीत फुलीसारखी. फुली दिसली की समजा, भिंत दोन्ही दिशांनी ओढली गेली आहे. तेवढे मातीचे आकसणे करत नाही. दारावरची भिंत झुकून तिथे फक्त मध्ये एक भेग असेल तर तो बहुधा दारावरचे लाकूड वाकल्याचा दोष असतो.

शंका असेल तर भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. गिलाव्यावर नको, गिलावा खरवडून दगडावर. धक्का नसताना काच तडकली तर भेग जिवंत आहे, पाया हलतो आहे. त्या घराला आधी भोवतालच्या पाण्याला वाट काढून द्यावी लागेल: जोत्याभोवती निदान एक मीटर रुंदीचा, बाहेर उताराचा फरशीचा किंवा कोब्याचा पट्टा, आणि मोरीचे पाणी नळीने लांब.

भिंतीच्या आत काय आहे ते पाहणे

भेगा नसलेली भिंतही आतून सुटलेली असू शकते, म्हणून ही तपासणी सगळ्या भिंतींची करा.

अर्ध्या किलोच्या हातोडीने किंवा लाकडी मोगरीने भिंत दर ५० सेंमीवर हलकेच ठोका, जमिनीपासून छतापर्यंत. भरीव जागी आवाज टणक येतो, थर सुटला असेल तिथे भद्द. खडूने त्या जागा गोल करून ठेवा. गिलाव्याचा पोपडा सुटला असला तरी तसाच आवाज येतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी गिलावा काढून खात्री करा. मग ६ मिमीची सळई सांध्यात हाताने दाबून पाहा. वीतभर आत सहज गेली तर मधली भरती पोकळ आहे. उंदराची बिळे आणि गळतीच्या खुणांखालची माती धुऊन गेलेली जागा हमखास अशी निघते.

ओळंबा माथ्यावरून सोडा आणि दर अर्ध्या मीटरला दोरीपासून भिंतीचे अंतर लिहा. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला कल असेल तर भिंत कलली आहे. दोन्ही बाजूंनी पोट बाहेर असेल तर ती फाकली आहे, आणि हे जास्त वाईट. फुगवटा ५ सेंमीच्या पुढे गेला असेल तर तो भाग उतरवून पुन्हा बांधायचा, एवढे पक्के धरा. फुगलेली भिंत दाबून आत बसवता येत नाही.

लाकूड वेगळे तपासा. खांबाचा भिंतीत गाडलेला भाग आणि तुळईचे भिंतीतले टोक इथे वाळवी आणि ओल लागते. तिथली माती थोडी काढून टोच्या मारा. टोच्या बोटाच्या पेराइतका आत गेला तर लाकूड गेलेले आहे. किल्लारीच्या भागात काही घरांच्या भिंती बाहेर पडल्या तरी खणाने छत उचलून धरले; जिथे खांब-तुळईचा सांधा नुसत्या कुसवावर (खाचेत बसवलेल्या खुंटीवर) होता आणि तिरका टेकू नव्हता, तिथे सगळा खण आडवा झाला.

नुकसानीचे पाच दर्जे धरतात. पहिल्यात गिलाव्याला केसासारख्या भेगा. दुसऱ्यात भिंतीत लहान भेगा, गिलाव्याचे तुकडे पडलेले. तिसऱ्यात भिंतीत खोल, रुंद भेगा. चौथ्यात भिंतीत खिंडार, काही भाग कोसळलेला. पाचव्यात सगळे घर. पहिल्या तीन दर्जांचे घर दुरुस्त आणि मजबूत करणे परवडते. चौथ्यात पडलेल्या भिंती नव्याने आणि बाकी मजबुतीकरण, हा हिशेब लाकूड किती चांगले आहे यावर ठरतो. सागाचा खण शाबूत असेल तर तो वाचवण्यासारखा असतो.

पहिले काम: माळवद हलके करणे

आधी धिरे. प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांना, भिंतीपासून ३० ते ४० सेंमी आत, खाली फळीचा तुकडा आणि वर पाचर देऊन. बांबू चालेल, पण १० सेंमीपेक्षा जाड आणि सरळ.

माती घमेल्याने काढा, मधून कडेकडे, आणि दोन्ही बाजू सारख्या हलक्या होतील अशी. एका बाजूची सगळी माती आधी उतरवली तर कललेला खण उलट्या बाजूला झुकतो. काढलेली माती माळवदावरच एका कोपऱ्यात ढीग करून ठेवणे ही तर नेहमीची चूक. ५० सेंमीवरून २० सेंमीवर आणायचे म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घरातून ११ घनमीटर, साधारण ४ ब्रास माती निघते. वजन १८-१९ टनांनी उतरते.

उरलेला २० सेंमीचा थर गळेल, ही भीती खरी आहे, आणि ती मिटवली नाही तर घरमालक पुन्हा माती टाकणारच. म्हणून माती पूर्ण काढून फळ्या तपासा, कुजलेल्या बदला, वर ५ सेंमी माती दाबून सपाट करा, त्यावर जाड काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरा, जोड निदान ३० सेंमीचा एकावर एक. मग उरलेली १५ सेंमी माती उतार देऊन धुमसा. कागद पन्हाळीपर्यंत बाहेर काढा, भिंतीत मुरवू नका.

माळवद काढून पत्रे टाकायचे ठरवले तर उन्हाळ्यात घर तापेल, पण भूकंपाच्या दृष्टीने ते उत्तमच. अट दोन गोष्टींची: पत्रे जे-बोल्टने वाशांना, आणि वासे भिंतीच्या माथ्यावरच्या पट्ट्याला बांधलेले हवेत. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवण्याची पद्धत गावोगाव दिसते. धक्का बसला की तेच दगड दारातून पळणाऱ्याच्या डोक्यात पडतात. पत्र्यावर एकही दगड नको.

आणि दगड-मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकू नका. १२ सेंमीचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलो भरतो, त्या घराला तो बांधलेला नसतो, आणि अखंड असल्याने सगळाच्या सगळा खाली बसतो.

दुसरे काम: दोन थर एकमेकांना शिवणे

फुगलेला भाग आधी पुन्हा बांधून घ्या. एका वेळी एक ते दीड मीटर लांबीचाच, वर धिरे असताना. दगड क्रमाने लावून ठेवा, तेच परत वापरता येतात. नव्या कामात दर ६० सेंमी उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मी. अंतरावर आरपार दगड हवा. लांब दगड नसेल तर ५ सेंमी बाय ५ सेंमी जाडीच्या, मध्ये ८ मिमी सळई असलेल्या काँक्रीटच्या कांड्या आधीच ओतून ठेवा. गारा १:६ सिमेंट-वाळूचा. मधली पोकळी चिपांनी नाही, गारा आणि दगड बसवून भरा.

उभ्या राहिलेल्या भिंतीत आरपार काँक्रीटचे बंध ओतायचे. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना साधारण एक मीटर अंतर, आणि एका ओळीतले बंध खालच्या ओळीच्या मधोमध येतील असे अर्धा मीटर सरकवून. निवडलेल्या जागी गिलावा खरवडा, एका दगडाभोवतीची माती छिन्नीने पोखरा, दगड पहारीच्या टोकाने हळूहळू चहूकडे हलवून सैल करा आणि ओढून काढा. मागची भरती हाताने काढत जा, पलीकडच्या बाजूने तसाच दगड काढा. मध्ये साडेसात सेंमी व्यासाचे भोक आणि दोन्ही तोंडांशी रुंद पोकळी, असा डमरूचा आकार यायला हवा. रुंद तोंडांमुळेच काँक्रीट दोन्ही थर धरून ठेवते. सरळ नळीसारखे भोक केले तर बंध निसटतो. भोक ड्रिलने किंवा घणाने पाडायचा मोह होतो. त्या हादऱ्याने शेजारचे चांगले दगड सुटतात आणि दुरुस्तीच नुकसान करते.

भोक पाण्याने ओले करा, धुऊ नका. मातीच्या भिंतीत पाइपने पाणी सोडले की आतला गारा वाहून जातो. याच कारणाने या भिंतीत दाबाने पातळ सिमेंटचे ग्राउट भरण्याचा सल्लाही मनावर घेऊ नका. ते विटा-सिमेंटच्या भिंतीसाठी. १:२:४ चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, बारीक खडीचे, अर्ध्या उंचीपर्यंत भरा. दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिमी सळई ठेवा, दोन्ही तोंडांशी २५ मिमी काँक्रीटचे आवरण राहील अशा लांबीची. मग भोक ठासून भरा. दहा दिवस दिवसातून तीनदा पाणी शिंपडा. एका दिवशी एकाच भिंतीत शेजारशेजारची भोके उघडू नका. एक आड एक घ्या, भरलेली घट्ट झाली की उरलेली.

वरच्या उदाहरणातल्या घराला दार-खिडक्या वजा जाता ६५ च्या आसपास बंध लागतात. भोके वेडीवाकडी होतात हे धरून प्रत्येकी ०.०१ घनमीटर काँक्रीट, म्हणजे चार-साडेचार पोती सिमेंट, आणि २० किलो ८ मिमी सळई. खर्च मालाचा कमी, मजुरीचा जास्त. सरावाचा गवंडी आणि एक मदतनीस असतील तरी हे काम घाईने होत नाही, आणि दिवसाच्या बोलीपेक्षा नगावर बोली केली तर भोके उथळ राहतात. प्रत्येक भोक भरण्याआधी आरपार उजेड दिसतो का ते घरच्या माणसाने पाहावे.

तिसरे काम: घर आवळणे

लाकडी पिंपाच्या फळ्या लोखंडी कडीने जशा एकत्र राहतात तसा घराभोवती पट्टा हवा. छताच्या लगेच खाली एक, आणि दार-खिडक्यांच्या माथ्यावर दुसरा. या दोन्हींत अंतर अर्ध्या मीटरपेक्षा कमी असेल तर एकच पुरतो.

माळवद पूर्ण उतरवलेच असेल तर भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतणे सगळ्यात चांगले: भिंतीइतका रुंद, ७५ मिमी जाड, लांबीने दोन सळया आणि दर १५० मिमीला ६ मिमीचा आडवा दुवा. ५ मीटरपर्यंतच्या भिंतीला ८ मिमीच्या सळया पुरतात, त्याहून लांब भिंतीला १० किंवा १२ च्या. सळई कोपऱ्यावर तोडायची नाही. वळवून दुसऱ्या भिंतीत निदान ६० सेंमी न्यायची. पट्टा फिरून स्वतःला मिळाला पाहिजे. दारावर तुटला, माळवदाच्या पन्हाळीसाठी खंड पाडला, की त्याचा उपयोग संपला.

छत न उतरवता करायचा पट्टा जाळीचा. २५-३० सेंमी रुंदीची वेल्डेड जाळी, लांबीच्या तारा १० गेजच्या आणि २५ मिमी अंतरावर, आडव्या तारा १५० मिमीवर. कोंबडीची जाळी ही त्याची बदली नाही. पट्ट्याच्या जागी गिलावा पूर्ण काढा, सांधे १५-२० मिमी खोल खरवडा, तारेच्या ब्रशने झाडा, किंचित ओले करा आणि सिमेंटचा राबडा मारा. त्यावर १:३ सिमेंट-जाड वाळूचा १२ मिमीचा पहिला हात. तो ओला असतानाच जाळी बसवा, १५० मिमी लांबीचे खिळे सांध्यांत, ३० सेंमी अंतरावर. मग १६ मिमीचा दुसरा हात. जाळीचा जोड ३० सेंमीचा, आणि तो कोपऱ्यावर येऊ देऊ नका. खिळा मातीच्या सांध्यात धरत नाही अशी तक्रार येते. तिथे सांधा दोन बोटे खोल खरवडून १:३ गाऱ्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी खिळा मारा.

पट्टा भिंतीच्या दोन्ही बाजूंना हवा आणि आतला-बाहेरचा एकमेकांना जोडलेला. त्यासाठी आरपार बंधांची एक ओळ मुद्दाम पट्ट्याच्या उंचीवर घ्या आणि त्यांच्या सळया दोन्हीकडे जाळीबाहेर काढून वाकवा. चारही कोपऱ्यांना, जोत्याखाली ३० सेंमीपासून छताच्या पट्ट्यापर्यंत, उभा जाळीचा पट्टा द्या, कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना ३० सेंमी पसरलेला. छताखालच्या एका पट्ट्याला, आतून-बाहेरून मिळून ४५ मीटर लांबीला, सहा पोती सिमेंट आणि सुमारे अर्धा घनमीटर वाळू लागते. खाचखळगे जास्त असतील तर एखादे पोते वर.

खणाला प्रत्येक खांब-तुळईच्या सांध्यात दोन्ही दिशांनी तिरके टेकू बसवा. सांध्यापासून ५० सेंमी खाली खांबावर आणि ५० सेंमी लांब तुळईवर, दोन्ही टोकांना १२ मिमीचा बोल्ट आणि मोठा वॉशर. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला टेकू पहिल्या हिसक्यात सुटतो. बोल्टच्या भोकापासून लाकडाचे टोक निदान ८ सेंमी लांब हवे, नाहीतर लाकूड चिरते.

आता भेगा. ५ मिमीपर्यंतच्या भेगा व्ही आकारात खरवडून १:३ गाऱ्याने भरा. त्याहून रुंद असतील तर सैल दगड काढून नव्याने बसवा आणि वर जाळीचा तुकडा, भेगेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी. कोपऱ्याजवळ ६० सेंमीच्या आत खिडकी असेल तर ती बुजवून टाका, दुसरीकडे काढा. बुजवताना दगड जुन्या भिंतीत दात काढून गुंफा.

सिमेंटचे घर बांधले म्हणून

किल्लारीनंतर या भागात दगडावरचा विश्वासच उडाला आणि जमेल तसे लोक पिलर-स्लॅबकडे वळले. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या अहमदाबादेत पडल्या त्या अशाच काँक्रीटच्या इमारती, विशेषतः खाली पार्किंगसाठी मोकळा मजला ठेवलेल्या. खाली दुकानांसाठी शटर आणि वर विटांनी भरलेले मजले, हे तालुक्याच्या गावातले नेहमीचे बांधकाम त्याच जातीचे आहे. बांधताना निदान खांबाच्या सळयांभोवतीची रिंग पाहा: टोके १३५ अंशांत आत वळलेली, आणि खांबाच्या वर-खाली, तुळईच्या सांध्याजवळ, १०० मिमीपेक्षा जास्त अंतर नाही. सरळ काटकोनात वळवलेली रिंग कडक धक्क्यात उघडते. अशा उभ्या इमारतीचे मजबुतीकरण घरच्या घरी करण्यासारखे नाही. तिथे इंजिनिअरच हवा.

पुढची देखभाल

पट्टे आणि बंध भिंतीत दिसेनासे होतात, म्हणून नळाची लाइन किंवा स्विचबोर्डसाठी खाच पाडणारा मिस्त्री ते हमखास तोडतो. कुठे काय आहे याचा नकाशा घराच्या कागदपत्रांत ठेवा. मे अखेरीस, पावसाआधी, एकदा ओळंबा सोडून जुन्या नोंदीशी पडताळा, कुजकी टोके टोच्याने पाहा, पन्हाळी मोकळ्या करा. माळवद गळू लागले तर आधी तेवढ्या भागातली जुनी माती काढायची, कागद फाटला आहे का ते पाहायचे, आणि मगच नवी टाकायची. माळवदाच्या कडेला २० सेंमी उंचीचा सळईचा तुकडा काँक्रीटमध्ये उभा करून ठेवा. माती त्याच्या टोकाला लागली की वर एक पाटीही चढवायची नाही.